म्युलर म्हणजे गिरणीवाला, पण कोणता?

पुण्यामुंबईत जर्मन शिकायला लोक 'मॅक्सम्युलर भवना'त जातात. मॅक्स हे त्या पंडिताचं नाव आणि म्युलर हे आडनाव, असंच बहुतेकांना वाटतं. जन्मतः तसंच होतंही. १८२३ साली देसाउ शहरात जन्मलेल्या या मुलाचं नाव फ्रीडरिश माक्स. त्यातलं 'माक्स' हे वेबरच्या एका ऑपेराच्या नायकावरून ठेवलेलं. आडनाव म्युलर. पुढे मात्र त्यांनी 'माक्स' उचलून आडनावालाच जोडून टाकला, कारण नुसतं 'म्युलर' म्हटल्यावर कोण ते कोणालाच कळेना. ऋग्वेदाच्या आपल्या आवृत्तीवर ते 'मोक्षमूलरभट्ट' झाले आणि ऑक्सफर्डचं त्यांनी 'गोतीर्थ' केलं, तो भाग वेगळा. पण आडनाव इतकं सर्रास असावं की माणसाला त्याला ठिगळ लावावं लागावं, ही अडचण खरीच होती आणि आजही आहे.

म्युलर हे जर्मनीतलं सर्वाधिक आढळणारं आडनाव आहे. ते मोजलं कसं, हे सांगायला हवं. फ्रायबुर्ग आणि माइन्त्स इथल्या विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी २००५ सालच्या घरगुती लँडलाइन फोनची यादी घेऊन जर्मन आडनावांचे नकाशे काढले. २००९ ते २०१८ या काळात त्याचे सात खंड निघाले. लँडलाइनच का? तर तिला पत्ता चिकटलेला असतो, त्यामुळे नाव नकाशावर नेमकं ठेवता येतं. मोबाइलने ही सोय पुढे संपवली. त्या यादीत सुमारे साडेआठ लाख वेगवेगळी आडनावं निघाली आणि म्युलरच्या जोडण्या अडीच लाखांच्या घरात होत्या. एक जोडणी म्हणजे एक घर. घरात सरासरी तीनच्या आसपास माणसं धरली, तर सात लाखांच्या आगेमागे म्युलर होतात. म्हणजे दर शंभर जर्मनांत साधारण एक.

स्वित्झर्लंडमध्येही पहिला क्रमांक म्युलरचाच. ऑस्ट्रियात मात्र ग्रूबर पुढे आहे. आणि एक गंमत: श्मिट, श्मिट्स, श्मीड अशी लोहाराची सगळी रूपं एकत्र मोजली, तर जर्मनीतही म्युलरचा पहिला नंबर जातो. पहिला कोण, हे अखेर स्पेलिंगं कशी मोजता यावर ठरतं.

आता मुख्य कोडं. मध्ययुगात जर्मन मुलखातली बहुतेक माणसं शेतकरी होती. मग सगळ्यात जास्त आडनावं 'बाउअर', म्हणजे शेतकरी, अशी का नाहीत? कारण नाव ओळख पटवण्यासाठी असतं. ज्या गावात साठ घरं शेतकऱ्यांची, तिथे 'तो शेतकरी हान्स' म्हणून काय उपयोग? गिरणीवाला मात्र गावात एकच. 'गिरणीवाला हान्स' म्हटलं की बोट थेट त्याच्याकडे जातं. थोडक्यात, नाव सर्रास व्हायला धंदा सर्रास असून भागत नाही. तो गावोगाव हवा आणि प्रत्येक गावात एखादाच हवा. म्युलर, श्मिट, श्नायडर (शिंपी), फिशर (कोळी), मायर (जमीनदाराचा कारभारी), वेबर (विणकर), वाग्नर (गाडे बनवणारा), बेकर (पाव भाजणारा), शुल्त्स (गावचा मुखत्यार), हॉफमान (वाड्यावरच्या शेतीचा कारभारी): जर्मनीतल्या पहिल्या दहांत ही नावं येतात, आणि दहाही एकतर धंदा सांगतात नाहीतर हुद्दा. पाटील, कुलकर्णी या आडनावांच्या देशात हे फार समजावून सांगायला नको.

गिरणी एकच असण्यामागे तंत्रही होतं आणि कायदाही. पाणचक्कीला बारमाही ओढा, बांध, पाट, लाकडी चाक आणि जड दगडी तळ्या लागतात. हा खर्च एकट्या शेतकऱ्याला झेपणारा नव्हता. तो जमीनदार किंवा मठ करायचा आणि गिरणी खंडाने चालवायला द्यायचा. खर्च वसूल व्हावा म्हणून ठरावीक गावांनी ठरावीक गिरणीतच दळायचं, अशी सक्ती असे. दळणाची मजुरी धान्यातच. प्रशियात शेफेल नावाचं माप होतं, सुमारे ५५ लिटरचं; त्यात १६ मेट्स, म्हणजे एक मेट्स जवळजवळ ३.४ लिटरचा. शेफेलमागे एक मेट्स गिरणीवाल्याचा, ही नेहमीची पद्धत. राय हे धान्य घेतलं तर अंदाजे ४० किलोंत अडीच किलो.

भांडण नेमकं इथेच व्हायचं. मेट्स काठोकाठ भरून वर सपाट करायचा की शीग लावून घ्यायचा? दळताना पीठ उडतं, थोडं तळ्यांच्या फटीत बसतं, ओलं धान्य तापून वजनाला कमी भरतं. पोत्यात जे परत आलं ते पूर्ण आहे की नाही, हे शेतकऱ्याला कधीच पडताळता येत नसे. त्यामुळे गिरणीवाला चोर, हा समज जर्मन मुलखात पक्का होता. कित्येक गावांत त्याच्या मुलांना कारागिरांच्या संघात घेत नसत. १५४८ सालच्या पवित्र रोमन साम्राज्याच्या पोलीस-फर्मानात गिरणीवाल्यांच्या मुलांना अशी आडकाठी करू नये, असं मुद्दाम लिहावं लागलं. रांगेचा नियमही गिरणीचाच: 'जो आधी येईल तो आधी दळेल' हे तत्त्व तेराव्या शतकातल्या 'साक्सनश्पीगल' या कायदेग्रंथात आहे आणि जर्मनीत आजही म्हण म्हणून वापरतात.

धान्य मापून मेट्स काढून घेणाऱ्याचंही आडनाव झालं: मेट्सनर. कपड्यांवरच्या पिठाच्या धुळीवरून गिरणीवाल्याला चिडवायचे, त्यातून श्टाउब, म्हणजे धूळ. पाणचक्की नेहमी पीठच दळायची असंही नाही. लोम्युलर कातडी कमावण्यासाठी ओकची साल कुटायचा, वाल्कम्युलर लोकरीचं कापड खळवून घट्ट करायचा, झेगम्युलर लाकूड कापायचा. एकाच ओढ्यावर दोन गिरण्या असल्या, की वरचा ओबरम्युलर आणि खालचा नीडरम्युलर.

शब्दाचा प्रवास तर अभ्यासकांच्या आवडीचा. हाताने फिरवायच्या जात्याला जर्मानिक भाषांत जुना शब्द होता. स्वीडिश 'क्वार्न', डॅनिश 'क्वेर्न' ही त्याची आजची रूपं. वेदांतला सोम कुटण्याचा 'ग्रावन्' हा दगड त्याच कुळातला, तेव्हा मोक्षमूलरभट्टांच्या हाताखालून तोही गेला असणारच. पाणचक्की आली ती रोमनांकडून, आणि वस्तूबरोबर नावही आलं: लॅटिन 'मोलिना'. गिरणीवाला झाला 'मोलिनारिउस', जुन्या जर्मनमध्ये 'मुलिनारी'. इथून पुढे ध्वनींनी करामत केली. 'मु'नंतरच्या अक्षरात 'इ' होती. 'उ' म्हणताना जीभ मागे असते, 'इ' म्हणताना पुढे. पुढच्या 'इ'साठी जीभ आधीच सरकायला लागली आणि 'उ'चा एक मधलाच स्वर झाला, तोच 'ü', डोक्यावर दोन टिंबं असलेला. हा स्वर मराठीत नाही, पण काढता येतो: 'इ' म्हणा, जीभ तिथेच ठेवा आणि फक्त ओठ 'उ'सारखे गोल करा. शेवटचा 'र' जर्मन माणूस जवळजवळ गिळतो, त्यामुळे कानाला 'म्युला'सारखं काहीतरी येतं. आपलं 'म्युलर' ही तडजोड आहे, पण चालण्याजोगी.

'मुलिनारी'चा 'म्युल्नर' झाला आणि मग 'न' शेजारच्या 'ल'मध्ये विरघळून 'म्युल्लर'. पण सगळीकडे नाही. बव्हेरिया-ऑस्ट्रियात 'न' टिकला, म्हणून तिथे म्युल्नर हे आडनाव सापडतं. दक्षिणेकडच्या बोलींत ओठ गोल करायचा कंटाळा, म्हणून मिलर. उत्तरेच्या सखल जर्मनमध्ये म्योलर, सीमेपलीकडे डॅनिश म्योलर. डेन्मार्कमध्ये पहिली सगळी सर्रास आडनावं '-सेन'वर संपतात. ज्यांना ते शेपूट नाही त्यांत म्योलर सर्वांत पुढे आहे. डच मुल्डर, हंगेरियन मोल्नार हे त्याच लॅटिन मुळाचे शेजारी. सोळाव्या-सतराव्या शतकात शिकलेल्यांना आपलं नाव लॅटिनमध्ये लिहिण्याची हौस होती. त्या हौशीतून मोलिटोर आलं.

हे सगळे प्रकार असूनही नकाशावर म्युलरच पसरलेला दिसतो, विशेषतः पश्चिमेला आणि मध्य जर्मनीत. याला जबाबदार कारकून आहेत. शेतकरी 'मिलर' म्हणो की 'म्योलर', लिहिणारा पाद्री किंवा लेखनिक प्रमाण रूप टाकायचा. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी ठेवायला लावल्या. बव्हेरियाने १६७७ मध्ये, ऑस्ट्रियाने १७७६ मध्ये आणि प्रशियाने १७९४ मध्ये मनाला येईल तसं आडनाव बदलायला मनाई केली. १ जानेवारी १८७६ पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात सरकारी नोंदणी सुरू झाली आणि त्या दिवशी वहीत जे स्पेलिंग पडलं ते कायमचं बसलं.

पूर्वज शोधणाऱ्याची फसगत इथेच होते. पहिली गफलत अक्षरक्रमाची. जर्मन मानकात क्रम लावण्याच्या दोन रीती आहेत: शब्दकोशात 'ü' हा 'u' धरतात, नावांच्या यादीत 'ue'. म्हणजे एका यादीत म्युलर 'मुलर'शेजारी बसतो आणि दुसरीत कितीतरी आधी. एका जागी सापडला नाही म्हणून नाहीच असं समजू नये. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ओळीतही टिंबं चालत नाहीत, तिथे 'ü'च्या जागी 'ue' येतं. अमेरिकेला गेलेल्यांची टिंबं बहुधा बोटीतच राहिली; ते मुलर किंवा मिलर झाले आणि इंग्रज मिलरांत मिसळून गेले.

दुसरी गफलत संगणकाची. उच्चारावरून नावं जुळवण्यासाठी १९६९ साली हान्स योआखिम पोस्टेल यांनी 'कोलोन ध्वनिसंकेत' ही पद्धत मांडली. प्रत्येक अक्षराला आकडा द्यायचा: म ६, ल ५, र ७, स्वरांना ०. मग लागोपाठ आलेले सारखे आकडे एकदाच ठेवायचे आणि सुरुवातीचा सोडून बाकी सगळी शून्यं काढून टाकायची. म्युलर होतो ६०५५०७, मग ६०५०७, मग ६५७. मिलर, म्योलर, मुलर सगळे ६५७, इथवर झकास. पण मालर, म्हणजे रंगारी, तोही ६५७. उलट म्युल्नरमध्ये 'न' जास्तीचा, म्हणून ६५६७, आणि मोलिटोरमध्ये 'ट' म्हणून ६५२७. म्हणजे परका रंगारी यादीत येतो आणि सख्खा मोलिटोर बाहेर राहतो. म्हणून संगणकाच्या यादीवर न थांबता लॅटिन रूप आणि 'न' असलेलं रूप हाताने वेगळं शोधावं लागतं. तेही गाव ठाऊक असेल तरच. गाव माहीत नसताना म्युलर शोधणं म्हणजे दळलेल्या पिठातून दाणा निवडणं.

आडनाव एक म्हणजे रक्त एक, असं धरून मोठे अभ्यास झाले आहेत. चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज याने १८७५ साली इंग्लंडमध्ये, एकाच आडनावाच्या वधूवरांच्या लग्नांवरून चुलत भावंडांची लग्नं किती होतात याचा अंदाज काढला. त्यात योगायोगाने जुळणारी लग्नं वजा करावीच लागतात. म्युलर शंभरात एक असेल, तर नवराही म्युलर आणि बायकोही म्युलर असं दहा हजारांत एक लग्न निव्वळ योगायोगाने होईल, आणि म्युलरांची दाटी असलेल्या भागात त्याहून जास्त. नात्याचा त्यात काही संबंध नाही. ब्रिटनमधल्या लेस्टर विद्यापीठात २००९ साली चाळीस आडनावांच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र तपासलं गेलं. ते बापाकडून मुलाकडे आडनावासारखंच जातं. दुर्मीळ आडनावांत बऱ्याच जणांचा पूर्वज एक निघाला. पण स्मिथ हे आडनाव असलेले पुरुष एकमेकांना रस्त्यावरच्या कोणा परक्याइतकेच जवळचे. म्युलरची गत वेगळी असण्याचं कारण नाही: प्रत्येक गिरणीपाशी हे नाव नव्याने जन्मलं. नोबेल मिळवणारे स्विस पाउल म्युलर (डीडीटी, १९४८) आणि कार्ल अलेक्झांडर म्युलर (अतिवाहकता, १९८७), रुमानियातल्या जर्मनभाषक गावात जन्मलेल्या हेर्टा म्युलर (साहित्य, २००९) आणि टिंबं गमावलेले अमेरिकन हर्मन मुलर (१९४६) यांच्यात नातं शोधण्यात म्हणूनच अर्थ नाही.

रोजच्या व्यवहारात यावर उपाय निघालेच. जर्मन संसदेच्या कामकाजात एकाच आडनावाचे दोन सदस्य असले, की नावापुढे कंसात मतदारसंघ छापतात, उदाहरणार्थ 'म्युलर (ब्राउनश्वाइग)'. १ मे २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने नवराबायको दोघांनाही जोडआडनाव घेता येतं. आणि आडनाव बदलण्यासाठी जर्मनीत एरवी सबळ कारण द्यावं लागतं, पण १९८० च्या प्रशासकीय नियमावलीत म्युलर, श्मिट, मायर यांसारख्या नावांचा वेगळा वर्ग आहे. नाव इतकं सर्रास असणं, त्यातून माणसांची गल्लत होणं, हेच तिथे सबळ कारण धरतात. देसाउच्या म्युलरने कोणाला न विचारता जे केलं, त्यासाठी आता अर्ज करता येतो.