तुटलेला बोल्ट: ताणून तुटलेला वेगळा, जाम होऊन तुटलेला वेगळा

गाडीचा बोल्ट तुटला असं नुसतं म्हटलं तरी शेजारी उभा असलेला प्रत्येक माणूस एकच सांगतो, "इझी-आउट घाल ना". इझी-आउट म्हणजे तुटलेल्या तुकड्यात भोक पाडून आत उलटी फिरवायची निमुळती, कडक दांडी. अरे पण कुठल्या बोल्टात? ताणून तुटलेल्या की जाम होऊन तुटलेल्या? वरून दोन्ही सारखेच दिसतात, मुंडी गेलेली आणि भोकात राखाडी टिकली. काढायची पद्धत मात्र पार वेगळी, आणि नेमकं तेच कोणी विचारत नाही.

ताणून तुटलेला तुम्हाला माहीत असेल. पान्याला पाइप लावून हाणामारी करत आवळला आणि कट्कन गेला. साध्या ८.८ ग्रेडच्या (हा ताकदीचा आकडा) एम८, म्हणजे ८ एमएम जाडीच्या बोल्टला २५ न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुरतो, पण टॉर्क पाना, म्हणजे पीळ मोजून आवळणारा पाना, वापरायची लाज वाटते लोकांना. असो. यात मुंडी उडाली की ताणही गेला, आतला तुकडा आट्यांत बहुतेक सैलच असतो. बारीक पंचने कडेला तिरप्या टिचक्या मारल्या की फिरायला लागतो. नाहीतर उलट्या आट्याचं ड्रिल बिट लावून मशीन रिव्हर्सवर चालवा, बऱ्याचदा भोक पाडता पाडताच तुकडा वर येतो. इझी-आउट घालायचा तर इथे.

आता जाम झालेला, म्हणजे खोलताना तुटलेला. जरा डोकं लावा. बोल्ट अख्खा होता, पूर्ण जाडीचा होता, तेव्हा तुटेपर्यंत पीळ देऊनही आटे सुटले नाहीत. आणि आता त्याच बोल्टाच्या मधोमध भोक पाडून त्याहून बारीक, कडक पण ठिसूळ दांडी आत घालून तो सुटणार? वर तो निमुळता इझी-आउट लाकडात पाचर ठोकावी तसा आत शिरतो, भोकाच्या भिंती बाहेर ढकलतो आणि जे आटे आधीच गंजाने धरलेत ते आणखी घट्ट बसतात. बहुतेक इझी-आउट मोडतात ते असेच, आणि दोष मात्र "चायना माल" म्हणून दुकानदाराला.

एक गोष्ट आधी बघा. कधी कधी जाम आटे नसतातच, तर पार्टाच्या आरपार भोकात बोल्टाची दांडी गंजाने धरलेली असते. ॲल्युमिनियमच्या थर्मोस्टॅट हाउसिंगला किंवा वॉटर पंपाला हे नेहमीचं. मग पार्ट हलवून, गरम करून आधी काढून घ्या, खाली राहिलेला खुंट कधी कधी चक्क हाताने फिरतो.

आटेच धरले असतील तर जोर नाही, उष्णता. पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर ठेवा, फवारा मारला आणि लगेच पाना लावला याला काही अर्थ नाही. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असेल तर आजूबाजूचं ॲल्युमिनियम गरम करा, ते तेवढ्याच तापमानाला स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, पकड सुटते. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे स्टड (बिनमुंडीचे बोल्ट), कोकणातल्या गाड्यांचं खालचं सगळं गंजलेलं सामान, तिथे माझं मत पक्कं आहे, नट वेल्ड करा. खुंटावर नट ठेवायचा, नटाच्या भोकातून वेल्डिंग भरायचं, लाली उतरू द्यायची आणि मग पाना लावून थोडं पुढे थोडं मागे, एका दमात ओढायचं नाही. नट सुटून आला तरी चिडू नका, दुसरा लावा, प्रत्येक वेळी बोल्ट तापतो आणि गंज थोडा थोडा सुटतो, खरं काम ते आहे, नट तर नुसता धरायला. आणि वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीएम (गाडीचा इंजिन-कॉम्प्युटर) उडाला तर बोल्ट परवडला म्हणाल.



वेल्डिंग पोचतच नसेल तर मग ड्रिल. तुटलेलं तोंड कानसने सपाट करा, बरोबर मध्यात सेंटर पंच मारा, ३ एमएमपासून वाढवत जा. एम८ ला १.२५ चा आटा (दोन आट्यांतलं अंतर १.२५ एमएम) असेल तर ६.८ एमएमपर्यंत, मग उरलेली आट्यांची स्प्रिंग टोचून निघते किंवा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ होते. मध्य चुकला तर ॲल्युमिनियमचे आटे खाल्ले जातात आणि हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांसाठी तारेची स्प्रिंग, बसवायची पाळी येते.

इझी-आउट आत मोडून बसलाच असेल तर साध्या एचएसएस (हाय-स्पीड स्टीलच्या) ड्रिलने त्याला ओरखडाही जात नाही, उलट बिट घसरून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये घुसतं. तिथेच थांबा. कार्बाइड बिट आणि हलणार नाही अशी पकड असेल तर ठीक, नाहीतर इंजिनचं हेड उतरवा आणि पुण्याच्या भोसरी किंवा नाशिकच्या अंबड एमआयडीसीत स्पार्क मशीन (विजेच्या ठिणग्यांनी धातू जाळणारं) असलेला डाय-मोल्डवाला गाठा, तो मोडका इझी-आउट जाळून काढतो.