चेंडूपासून लांब शिजणारा गोल

लॅक्रोस, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ. त्यातल्या गोलचा रीप्ले पाहताना नजर पास देणाऱ्यावर आणि फटका मारणाऱ्यावर असते. क्रीजच्या, म्हणजे गोलभोवतीच्या वर्तुळाच्या, कडेला पाय रोवून उभा असलेला तिसरा गडी सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. सहकाऱ्यामागे लागलेल्या बचावपटूच्या वाटेत तो येऊन थांबतो, सहकारी त्याच्या खांद्याला घासून निसटतो, बचावपटू अडतो आणि पास घ्यायला अर्ध्या सेकंदाची सवड मिळते. हाच ऑफ-बॉल पिक.

खेळ मुळात हौदेनोसौनी आणि उत्तर अमेरिकेतल्या इतर मूळ रहिवाशांचा. मॉन्ट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बिअर्स यांनी १८६७ मध्ये त्याचे नियम बांधले. मैदान ऐसपैस, आज ११० यार्ड लांब नि ६० यार्ड रुंद. एवढी जागा असल्यावर समोरच्याला चकवून पळणं, म्हणजे डॉज, हाच राजमार्ग ठरला.

पिकला खरी धार आली ती छपराखाली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडात, उन्हाळ्यात ओस पडणाऱ्या आइस हॉकीच्या रिंकमध्ये बॉक्स लॅक्रोस सुरू झालं. गोल सहा फुटांऐवजी जेमतेम चार फुटांचा, त्यात पॅड चढवून तो जवळपास बुजवून टाकणारा गोलरक्षक आणि पळायला जागा नाही. लांबून मारून भागेना, मग एकमेकांसाठी आडवं उभं राहणं आलंच. ही युक्ती बास्केटबॉलची, असं अनेकजण म्हणतात. असेलही, पण १८९१ मध्ये बास्केटबॉल शोधणारे जेम्स नेस्मिथ स्वतः मॉन्ट्रियलमध्ये लॅक्रोस खेळलेले होते.

मोठ्या मैदानावर डॉज करणारा सुटला की शेजारचा बचावपटू मदतीला धावतो. त्याला स्लाइड म्हणतात. ऑफ-बॉल पिक नेमका या मदतनिसालाच गुंतवतो. ‘तू घे, मी घेतो’ अशी ओरडाओरड होईस्तोवर बॉल जाळ्यात. पास गोलमागून, खेळाडू ज्याला ‘एक्स’ म्हणतात तिथून आला, तर गोलरक्षकाचीही पंचाईत: मान मागे आणि फटका पुढून.

अमेरिकी कॉलेजांत हे लोण कॅनडाच्या मुलांबरोबर आलं. १९८० च्या दशकाअखेर सिराक्यूज विद्यापीठात गॅरी आणि पॉल गेट या जुळ्या भावांनी बॉक्सची करामत मोठ्या मैदानावर दाखवली. पण माझ्या मते शिक्कामोर्तब झालं २०१५ मध्ये, जेव्हा प्रशिक्षक बिल टिअर्नींच्या डेन्व्हर विद्यापीठाने एनसीएए, म्हणजे अमेरिकी कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं, विजेतेपद जिंकलं. त्यांचं आक्रमण बसवणारे मॅट ब्राउन कॅनडाचे. २०१९ पासून कॉलेजच्या खेळात ८० सेकंदांचं शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्या वेळात फटका मारायचं बंधन, आलं, तेव्हा बॉल घोळवत बसणंही संपलं.

नियम मात्र कडक. पिक लावणाऱ्याने धडकेच्या क्षणी स्थिर असायला हवं. कंबर जरा सरकवली की बॉल समोरच्यांकडे. महिलांच्या खेळात त्याहून जास्त: पिक बचाव करणारीच्या नजरेच्या टप्प्यात हवा किंवा तिला थांबायला, वळायला पुरेसा वाव हवा. डोळ्यांवर गॉगल आणि तोंडात माउथगार्ड, एवढ्याच संरक्षणावर बहुतेक जणी पूर्ण वेगात पळत असतात.