आधार सुधारलं म्हणून सातबारा सुधारत नाही

‘आधारवर नाव दुरुस्त केलं की सातबारा, रेशन कार्ड, बँक, सगळीकडे आपोआप दुरुस्त होतं’ हा मेसेज आपल्या वऱ्हाडात वर्षानुवर्षं फिरतो. तसं होत नाही. सगळीकडे कम्प्युटर आले, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण प्रत्येक खात्याची नोंद वेगळी असते.

खात्यांनी एकमेकांना माहिती द्यायची तर कोणत्या रकान्यात काय आणि कसं लिहायचं, हे आधी ठरलेलं लागतं. हेच मेटाडेटाचं, म्हणजे माहितीबद्दलच्या माहितीचं, मानक. सातबाऱ्यावर ‘विठ्ठल महादेव’ आणि आधारवर ‘विठ्ठलराव एम.’ असेल, तर यंत्राला ती दोन माणसं वाटू शकतात. गावाचंही तेच. बोरगाव एकच थोडं आहे? म्हणून नावापेक्षा गावाचा कोड जुळवणं भरवशाचं. मात्र मानक माहिती नीट पोचवतं, नोंद बदलत नाही. सातबाऱ्यावरच्या नावासाठी महसूल खात्याकडेच अर्ज करावा लागतो.

खात्री करायची तर सातबारा, आधार आणि पासबुक शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर वाचा. आडनाव आधी की शेवटी, वडिलांचं नाव पूर्ण की नुसतं आद्याक्षर? फरक दिसला तर तलाठ्याला आत्ताच भेटा. पेरणीच्या तोंडावर, पीककर्जाच्या गर्दीत हे काम फार जिवावर येतं.