गजकर्णाच्या पुडीपासून सोरायसिसच्या ट्यूबपर्यंत

निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या पेपरात येऊ लागल्या, की पंचवटीतल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरशी अर्धा तास उभं राहावं. एकाच रोगाची चार नावं ऐकू येतात. कोपरावरचा किंवा गुडघ्यावरचा जाड, लालसर, वरून चंदेरी पापुद्रे सुटणारा चट्टा दाखवून कुणी ‘नायट्याचं मलम द्या’ म्हणतं, कुणी ‘गजकर्ण झालंय’ सांगतं, कुणाच्या घरी त्याला इसब म्हणतात. डोक्यात असेल तर तो कोंडा. पाचवं नाव सगळ्यांदेखत कुणी घेत नाही. गर्दी ओसरली की आवाज खाली आणून विचारलं जातं, ‘महारोग तर नाही ना?’

डॉक्टर ज्याला प्लाक सोरायसिस म्हणतात तो हा रोग. गजकर्ण बुरशीमुळे होतं, महारोग जंतूमुळे. सोरायसिस यांतल्या कशानेच होत नाही आणि एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा विनाकारण खवळते आणि कातडीला घाई करायला लावते. एरवी कातडीची पेशी तळाशी जन्मून वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेते. सोरायसिसच्या चट्ट्यात तोच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. पेशींना पिकायला वेळच मिळत नाही, कच्च्याच वर येतात आणि एकमेकींना चिकटून थरावर थर चढतो. खाली रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, म्हणून लाली.

नावांचा हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. युरोपातही शतकानुशतकं सोरायसिस आणि महारोग एकाच पोत्यात भरले जात होते. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी १८०८ मध्ये या चट्ट्यांचं नेमकं वर्णन केलं, पण नाव मात्र ‘लेप्रा’ असंच ठेवलं. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी दोन्हींची फारकत केली. आपल्याकडे चरकसंहितेत सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं सांगितली आहेत. त्यांतल्या एककुष्ठाचं वर्णन असं की त्याला घाम येत नाही, ते मोठी जागा व्यापतं आणि माशाच्या खवल्यासारखं दिसतं. आजचे बरेच वैद्य सोरायसिस म्हणजे एककुष्ठ किंवा किटिभ असं मानतात. अडचण एवढीच, की चरकांच्या काळी ‘कुष्ठ’ म्हणजे कातडीच्या रोगांचं अख्खं कुळ होतं, आणि आजच्या मराठीत त्या शब्दाचा एकच अर्थ उरला आहे. वैद्यांनी शास्त्रशुद्ध ‘एककुष्ठ’ म्हणावं आणि समोरच्या बाईंनी तिथेच डोळ्याला पदर लावावा, असं त्यामुळे घडतं.

आता मलमांकडे वळू. त्यांचा इतिहास चाळताना एक गंमत लक्षात येते. सोरायसिसचं औषध शोधायला निघालेल्या माणसाला ते क्वचितच सापडलं आहे. औषध दुसऱ्याच रोगासाठी बनलं, दुसऱ्याच रोग्याला दिलं गेलं, आणि जाता जाता त्याचे सोरायसिसचे चट्टे विरले. मागच्या दाराने आलेल्या पाहुण्यांची ही यादी आहे, आणि तिच्या आरंभीच्या एका पाहुण्याचं नाव आपल्या शेजारचं आहे.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात ‘गोवा पावडर’ नावाची पिवळसर तपकिरी भुकटी गजकर्णावर लावली जायची. ती गोव्यात पिकत नव्हती. ब्राझीलच्या बाहिया भागात अरारोबा नावाचं झाड आहे. त्याच्या खोडातल्या पोकळ्यांत ही भुकटी साठते. ब्राझील पोर्तुगिजांचं, गोवाही पोर्तुगिजांचं, तेव्हा माल जहाजातून गोव्याला उतरायचा आणि नाव गोव्याचं व्हायचं. १८७० च्या दशकात बाहियातल्या दा सिल्व्हा लिमा या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की ही तर आमच्याकडचीच भुकटी. त्याच सुमारास लंडनमध्ये बालमॅनो स्क्वायर हे त्वचारोगतज्ज्ञ ती गजकर्णासाठी वापरत होते आणि सोरायसिसचे चट्टेही तिने जातात असं त्यांना आढळलं. १८७६ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. तेव्हा आपला माणूस सोरायसिस दाखवून गजकर्णाचं मलम मागतो, त्याला हसण्यात अर्थ नाही. दीडशे वर्षांपूर्वी त्याला बहुधा योग्य पुडी मिळाली असती.

भुकटीतल्या गुणकारी अर्काला क्रायसॅरोबिन म्हणतात. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ब्राझीलचा माल मिळेनासा झाला, म्हणून तिथल्या रसायनतज्ज्ञांनी १९१६ मध्ये त्याच्या जवळपासचं द्रव्य कारखान्यात बनवलं. ते डिथ्रॅनॉल. कातडीच्या पेशींची घाई ते चांगलं रोखतं, पण निरोगी कातडीला लागलं तर जळजळतं, आणि अंगावर, चादरीवर, बनियनवर जांभळट तपकिरी डाग पाडतं. ते डाग धुऊन जात नाहीत. १९५३ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या जॉन इनग्रॅम यांनी डांबराच्या पाण्याने अंघोळ, मग अतिनील किरण, मग डिथ्रॅनॉलचा लेप असा क्रम बसवला. डांबर आणि किरणांची जोडी त्याआधी १९२५ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या विल्यम गोकरमन यांनी लावून दिली होती. दगडी कोळशाचं हे डांबर काम का करतं ते तेव्हा कुणाला सांगता येत नव्हतं. वासाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं. त्या डांबराकडे शेवटी परत यायचं आहे.

मग आली स्टेरॉइडं, आणि खेळच बदलला. कॉर्टिझोन या स्टेरॉइडने सांधेदुखीचे रोगी उठून चालू लागले, त्याबद्दल १९५० चं नोबेल मिळालं. साहजिकच कुणीतरी ते कातडीला लावून पाहिलं आणि काही झालं नाही. १९५२ मध्ये न्यू यॉर्कच्या सल्झबर्गर आणि विटन यांनी त्याचा सख्खा भाऊ हायड्रोकॉर्टिझोन लावून पाहिला, तेव्हा इसबावर गुण आला. सोरायसिसच्या जाड थरापुढे तेही लेचंपेचं ठरलं. मग रेणूला कुठे फ्लोरिन जोड, कुठे एखादी शेपटी लाव, असं करत अधिकाधिक जोरकस मलमं बनू लागली. जोर मोजायचा कसा? १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी साधी युक्ती काढली. निरोगी माणसाच्या हातावर औषध लावायचं आणि कातडी किती पांढुरकी पडते ते पाहायचं. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून जितकी पांढरी तितका जोर जास्त. बेटामेथासोन व्हॅलरेट ग्लॅक्सोने साठच्या दशकात बाजारात आणलं, क्लोबेटासॉल सत्तरच्या दशकात. त्याच ग्लॅक्सोचा कारखाना पुढे आपल्या अंबडच्या एमआयडीसीत आला, त्यामुळे मलम म्हणजे काय हे नाशिकच्या अनेक घरांना पगाराच्या पावतीवरूनही माहीत आहे.

स्टेरॉइड पेशीत शिरतं, तिथल्या ग्राहीला, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनाला चिकटतं, तिच्यासकट पेशीच्या केंद्रकात जातं आणि दाह पेटवणारी जनुकं गप्प करतं. लाली उतरते, पेशींची घाई मंदावते, खाज थांबते. आठवड्याभरात फरक दिसतो, आणि गोम नेमकी तिथेच आहे. माझ्या मामांच्या गुडघ्यावरचा चट्टा असाच एका ‘थ्री इन वन’ ट्यूबने आठ दिवसांत गेला. त्या ट्यूबमध्ये जोरकस स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र होतं. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, मामांनी विचारलं नाही. चट्टा परतला, ट्यूब परतली, असं सहा वर्षं चाललं. शेवटी जांघेतली कातडी कागदासारखी पातळ होऊन तिच्यावर पांढरे ओरखडे उमटले आणि ट्यूब थांबवली की चट्टा पहिल्यापेक्षा मोठा होऊन येऊ लागला. असं घडणारे मामा एकटे नव्हते. देशातल्या १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या त्वचारोगाच्या २,९२६ रुग्णांची पाहणी झाली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतले ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. कायद्यात एक फट होती. ही औषधं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत असली तरी बाहेरून लावायच्या मलमांना त्यातून सूट होती. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइडांची ही सूट काढून घेतली, तेव्हापासून त्यांच्या मलमांना चिठ्ठी सक्तीची आहे. काउंटरवर ती किती वेळा मागितली जाते, हे वाचकांनी आपापल्या गल्लीत पाहावं.

स्टेरॉइड वाईट नाही, हे इथेच सांगायला हवं. सोरायसिसच्या जाड चट्ट्यावर डॉक्टर आजही आधी तेच लिहून देतात. फक्त जागा, जोर आणि दिवस ठरवून. किती लावायचं याचं मापही बोटावर आहे. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढं मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं.

पुढचा पाहुणा हाडांच्या डॉक्टरांच्या दाराने आला. जपानमध्ये ओसाकाला ठिसूळ हाडांच्या एका रुग्णाला ड जीवनसत्त्वाचं एक रूप पोटातून दिलं जात होतं. त्याला सोरायसिसही होता. हाडांचं काय झालं ते बाजूलाच राहिलं, चट्टे मात्र विरले. हे १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं. पोटातून जास्त दिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, म्हणून डेन्मार्कच्या लिओ कंपनीने लावायला कॅल्सिपोट्रिऑल बनवलं आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी ते बाजारात आलं. ते पेशींना सांगतं, सावकाश वाढा, पिकून वर या. कातडी पातळ होत नाही, पण गुण यायला आठवडे जातात आणि थोडं चुणचुणतं. म्हणून पुढे त्यात बेटामेथासोन मिसळून जोडऔषध आलं. आठवड्याला १०० ग्रॅमपेक्षा जास्त लावायचं नाही. खपल्या काढायला दिलेलं सॅलिसिलिक ॲसिडही यावर लावायचं नाही, कारण त्याने कॅल्सिपोट्रिऑल निकामी होतं. दोन्ही ट्यूबा एकाच पिशवीत घरी येतात आणि एकामागोमाग एक चोळल्या जातात, तेव्हा हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.

सोरायसिस मुळात कातडीचाच दोष आहे, असं १९७९ पर्यंत बहुतेक सगळे धरून चालले होते. त्या वर्षी सायक्लोस्पोरिन हे संरक्षण यंत्रणा दाबणारं औषध संधिवाताच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं आणि पुन्हा तेच झालं. ज्यांना सोबत सोरायसिस होता त्यांची कातडी सुधारली. म्हणजे आग लावणारे हात कातडीचे नव्हते, रक्तातल्या टी पेशींचे, म्हणजे संरक्षण यंत्रणेतल्या पांढऱ्या पेशींचे होते. त्या धाग्यावरून पुढे टीएनएफ, आयएल-२३, आयएल-१७ हे निरोपे सापडले आणि त्यांना अडवणारी महागडी इंजेक्शनं आली. तो विषय वेगळा आहे.

२०२२ मध्ये अमेरिकेत दोन नव्या क्रीमना मंजुरी मिळाली आणि दोन्हींत स्टेरॉइड नाही. रोफ्लुमिलास्ट आधी धूम्रपानाने खराब झालेल्या फुप्फुसांसाठी गोळीच्या रूपात होतं. पेशीतला एक विकर अडवून ते दाहाचे निरोप कमी करतं. ०.३ टक्के क्रीमच्या दोन चाचण्यांत आठ आठवड्यांनी ४२.४ आणि ३७.५ टक्के रुग्णांची कातडी पूर्ण किंवा जवळपास स्वच्छ झाली. औषध न घातलेल्या नुसत्या क्रीमच्या गटात हेच आकडे ६.१ आणि ६.९ होते. काख, जांघ अशा नाजूक जागी ते चालतं, ही त्याची जमेची बाजू.

दुसरं टॅपिनारोफ, आणि याची जन्मकथा सगळ्यांवर मात करते. मातीत एक सूक्ष्म कृमी असतो. तो अळीच्या पोटात शिरतो आणि आपल्या आतड्यातले चमकणारे जंतू तिथे सोडतो. अळी मरते, पण सडत नाही, कारण ते जंतू इतर जंतूंना रोखणारं द्रव्य तयार करतात. त्या द्रव्यातून टॅपिनारोफ निघालं. पेशीतल्या ज्या ग्राहीला ते जाऊन चिकटतं, तिलाच डांबरातली द्रव्यंही जागं करतात. गोकरमन यांच्या वासाळ डांबराचं कोडं असं शंभर वर्षांनी, किड्याच्या पोटातून सुटू लागलं. १२ आठवड्यांच्या दोन चाचण्यांत ३५.४ आणि ४०.२ टक्के रुग्णांना चांगला गुण आला, नुसत्या क्रीमने जेमतेम सहा टक्क्यांना. काहींना केसांच्या मुळाशी पुळ्या येतात.

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात हा रोग घेऊन जगणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असायला हवी. जर्मन डॉक्टर हाइनरिश कोबनर यांनी १८७० च्या दशकात ती नोंदवली. सोरायसिसच्या रुग्णाला जिथे खरचटतं, तिथे दहा-पंधरा दिवसांत नवा चट्टा उगवू शकतो. ऑक्टोबर छाटणीत तार, कात्री आणि काडीचे ओरखडे रोजचेच. चट्टा बरा झाला तरी आतल्या काही टी पेशी तिथेच दबा धरून राहतात, म्हणून तो बहुधा जुन्याच जागी परततो. टॅपिनारोफच्या पुढच्या अभ्यासात कातडी पूर्ण स्वच्छ झालेल्यांचं क्रीम थांबवून पाहिलं, तेव्हा चट्टे परत यायला सरासरी १३० दिवस लागले. छाटणी झाल्यापासून घड उतरवायलाही साधारण तेवढेच लागतात.