रस्ता रुंद केला तरी मार्ग एकच

वाहतूक कोंडली की रस्ता रुंद करा, अशी मागणी होतेच. रस्ते एकमेकांना कुठे मिळतात, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

ते मोजता येतं. चौरस्त्यावर 4 रस्ते मिळतात, तिठ्यावर 3. गल्ली बंद होते त्या टोकाला 1. या संख्येला त्या बिंदूची कोटी म्हणतात.

आखीव चौकटींच्या शहरात तुम्हाला 3 चौक पूर्वेला आणि 3 चौक उत्तरेला जायचंय. एकूण 6 टप्पे, त्यांतले पूर्वेचे 3 कोणते एवढंच ठरवायचं. असे सर्वांत जवळचे मार्ग 20 निघतात! 5-5 चौकांसाठी तर 252. एखादा रस्ता खणलेला असला तरी अडत नाही.

आता बंद गल्ल्यांची वसाहत घ्या. गल्ली उपरस्त्याला, उपरस्ता हमरस्त्याला, झाडाच्या फांद्यांसारखी रचना. 1000 बिंदू असतील तर त्यांना जोडणारे तुकडे नेमके 999. फेरा, म्हणजे फिरून त्याच बिंदूला आणणारी वाट, एकही नाही, सरासरी कोटी 2 पेक्षा किंचित कमी, आणि कुठल्याही दोन घरांमध्ये मार्ग एकच. पाठीला पाठ लागलेल्या घरांनाही हमरस्त्याचा वळसा. तिथे ‘स्मार्ट’ सिग्नलांचा कितीही गाजावाजा करा, नसलेल्या दुव्यावरून एकही गाडी जाणार नाही. याउलट एक दुवा वाढवला की लगेच एक फेरा तयार होतो.

अमेरिकेत 1929 साली रॅडबर्न या वसाहतीने बंद गल्ल्यांचा नमुना घालून दिला, 1930च्या दशकात सरकारी गृहकर्ज यंत्रणेने तो उचलून धरला. नव्या वसाहतींतली सरासरी कोटी पुढे घसरत गेली आणि 1990च्या दशकाच्या मध्यापासून पुन्हा चढू लागली, असं बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं. 2020 मध्ये त्यांनी जगभराचे रस्ते तपासले, तेव्हा अनेक देशांत तुटकपणा वाढतानाच दिसला.

हे गंभीर आहे, कारण इमारती बदलतात, रस्त्यांची आखणी सहसा बदलत नाही. जमिनीच्या मालकीच्या हद्दी तिलाच बांधलेल्या असतात. 1906च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्को बेचिराख झालं, नवा भव्य आराखडा तयारही होता. तरी शहर बहुतांशी जुन्याच रस्त्यांवर उभं राहिलं.

जुन्या वसाहतीत मोटारींसाठी नवा रस्ता काढणं म्हणूनच अवघड. पण दोन बंद टोकांमध्ये पायी आणि सायकलने जाण्यापुरती वाट निघू शकते. गाडीचा वळसा तसाच राहतो, चालणाऱ्याची कोटी मात्र त्या दोन्ही टोकांना 1 वरून 2 होते.