एकटं पडणं आणि एकाकी वाटणं

‘आजोबा एकटे असतात, त्यांना गटात आणा, बरं वाटेल.’ ज्येष्ठांच्या गटात काम करणाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य नेहमी असतं. त्यामागे कळकळ आहे, पण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लतही आहे.

एकटं पडणं मोजता येतं. महिन्याभरात किती नातेवाईक भेटले किंवा बोलले, मित्र किती, अडीअडचणीला हाक मारावी अशी माणसं किती? संशोधक लबेन यांच्या सहा प्रश्नांच्या चाचणीत हेच विचारतात. 30 पैकी 12 पेक्षा कमी गुण आले, तर काळजी करायची.

एकाकी वाटण्याचा हिशेब असा मांडता येत नाही. हवीशी सोबत आणि मिळणारी सोबत यांत अंतर पडलं की ते वाटू लागतं. त्यासाठीच्या तीन प्रश्नांच्या चाचणीत माणसं मोजतच नाहीत. सोबत नाही, आपल्याला वगळलं जातं, आपण सगळ्यांपासून तुटलोय असं कितीदा वाटतं, एवढंच विचारतात. त्यामुळे एकटी राहणारी आजी समाधानी असू शकते आणि भरल्या घरातले आजोबा आतून रिते.

बैठकीत कडेच्या खुर्चीवर बसलेल्या आजोबांकडे नीट बघा. त्यांना कमी ऐकू येतं. दोन-तीनदा ‘काय म्हणालात?’ विचारून झालं, मग त्यांनी विचारणंच सोडलं. सगळे हसले की तेही हसतात, जरा उशिरा. हजेरी मात्र रोजची. त्यांना आणखी एका कार्यक्रमाला बोलावून काय होणार? आधी कान तपासून घ्यायला हवेत. शेजारी कुणीतरी बसावं, समोर बघून सावकाश बोलावं.

घरात अडकलेल्यांचं दुखणं निराळं. गुडघे जिना उतरू देत नाहीत, रात्री दिसत नाही. लघवी आवरत नाही म्हणून बाहेर पडणं टाळणारे तर कितीतरी असतात, पण ते कारण सांगत नाहीत. तिथे कठडा, वाहनाची सोय, जवळ स्वच्छतागृह आणि डॉक्टरांचा सल्ला उपयोगी पडतो.

दोन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात. अनेक अभ्यासांच्या 2015 मधल्या एकत्रित आढाव्यात मृत्यूची शक्यता एकट्या पडलेल्यांत 29 टक्क्यांनी, तर एकाकी वाटणाऱ्यांत 26 टक्क्यांनी जास्त दिसली.

तरीही गटाच्या नोंदणी अर्जावर बहुधा एकच प्रश्न असतो: ‘एकटे राहता का?’ त्याखाली ते तीन प्रश्नही छापा, आणि उत्तरं लिहून घेताना आजोबांच्या शेजारी बसा.