घरजावई बदकं

फेब्रुवारी कलला की पुण्यात संध्याकाळी फेरफटका मारायला निमित्त लागत नाही. पळस पेटलेला असतो, काटेसावरीवर मैनांची भांडणं जुंपलेली असतात, आणि पाषाण तलावाच्या किंवा मुळा-मुठेवरच्या कवडी गावाच्या काठाला जरा रेंगाळलं तर बदकंही दिसतात. बदकं बघायची ती ऐन थंडीत, असं बरेच जण म्हणतात. थवे बघायचे असतील तर ते खरंच आहे. पण रूप बघायचं असेल तर माझं मत फाल्गुनाला.

कारण पिसांत आहे. वीण आटोपली की नर बदकाची रंगीत पिसं झडतात आणि तो मादीसारखा मातकट दिसू लागतो. पाठोपाठ पंखांची मोठी पिसंही एकदम गळतात, त्यामुळे काही आठवडे उडताच येत नाही. अशा दिवसांत भडक दिसणं जिवावर बेतेल. नवे पंख फुटल्यावर तो दक्षिणेला निघतो, पण येतो त्याच मळक्या वेशात. रंग चढतो तो पुढे, आपल्याकडच्या पाण्यावर. भुवई बदकाचा नर यात सगळ्यांत आळशी. त्याची पांढरी, कमानदार भुवई पुरती उमटेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो. थापट्या बदकाचं हिरवं डोकं आणि तांबूस कूस तेव्हा दुर्बिणीशिवायही नजरेत भरते.

हा थाट सासरी जाण्याआधीचा. पुष्कळ जातींच्या बदकांच्या जोड्या विणीच्या प्रदेशात नव्हे, हिवाळी मुक्कामात जमतात. भुवई बदकाचा नर डोकं मागे टाकून सुकी करकर काढतो. मादी पसंत करते किंवा तोंड फिरवून पोहत निघून जाते. जोडी जमली की परतीची वाट ठरवते मादी. ती साधारणपणे स्वतः जन्मली त्याच भागाकडे निघते आणि नर तिच्या मागोमाग जातो, चक्क घरजावई म्हणून.

बहुतेक पक्ष्यांत हे उलट असतं. तिथे नर जन्मगावाजवळ जागा धरून बसतो आणि मादी लांबून येते. बदकांचा नर जमिनीचा तुकडा राखत बसत नाही, त्याला राखायची असते ती मादी. मादीला मात्र ओळखीचं पाणी आणि घरट्याची जागा सोयीची पडते. एक नर यंदा एका मुलखात, तर पुढच्या वर्षी भलत्याच मुलखात पोचू शकतो, त्यामुळे दूरदूरच्या बदकांची सरमिसळ होत राहते.

जावई फार टिकत नाही, हेही सांगायला हवं. मादी अंडी उबवू लागली की यांतले बहुतेक नर तिला सोडून जातात. कवींनी रोज रात्री ताटातूट घडवली ती चक्रवाक बदकाच्या जोडीची, आणि पिल्लांच्या राखणीला थांबणारा नर नेमका चक्रवाकाचाच! तो कवडीला येतो आणि उन्हाळा लडाख, तिबेट, मध्य आशियाकडे काढतो. हिमालय ओलांडताना उपग्रहाच्या यंत्राने त्याची उंची ६,८०० मीटरपर्यंत नोंदवली आहे.

निघायची वेळ झाली हे कळतं कसं? दिवसाच्या लांबीवरून. पुण्यात डिसेंबरचा सर्वांत लहान दिवस आणि मार्चमधला समसमान दिवस यांत जेमतेम तासाभराचा फरक असतो, पण तो पुरतो. झाक बेन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३०च्या दशकात पाळीव बदकांवर प्रयोग केले. डोळे काढलेल्या नरांवरही प्रकाश पाडला तर त्यांचे वृषण वाढत होते. प्रयोग क्रूर होता, पण त्यातून दिसलं की प्रकाश कवटीतून आत झिरपतो आणि मेंदूच्या तळाशी असलेला भाग तो थेट टिपतो. हाच भाग संप्रेरकांची साखळी सुरू करतो. भूक वाढते, चरबी साठते, रात्री अस्वस्थपणा येतो.

मार्च सरता सरता पाहुणे विरळ होतात. उरतात ती हळदीकुंकू बदकं, काळ्या चोचीच्या टोकाला पिवळी आणि बुडाशी लाल ठिपके असलेली. त्यांच्यात नर-मादी जवळजवळ सारखेच, आणि वेशांतराची भानगडही नाही. त्यांची वीण पावसावर, म्हणजे तळ्यात पाणी आणि काठाला गवत कधी होतं त्यावर बेतलेली. पिल्लांची रांग बघायची असेल तर त्याच काठावर पावसाळ्यात, छत्री घेऊन जावं लागेल.